बराकीतली मुलं, दलममधली मुलं

शिर्डीकडच्या माणसाला अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असलं, की कोपरगाव स्टेशनवर येऊन महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची, ही जुनी रीत. गोंदियाहून सुटणारी ही गाडी विदर्भ, खानदेश, नगर, पुणे, सांगली करत कोल्हापूरला टेकते. तेराशेहून जास्त किलोमीटरचा हा सगळा प्रवास एकाच राज्यातून होतो. तिच्या एका टोकाला गोंदिया-गडचिरोलीचं जंगल आहे, जिथे नक्षलवाद्यांच्या दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकड्यांत, शाळकरी वयाची पोरं ओढली गेली. दुसऱ्या टोकाला रुकडीनंतर पंचगंगेचा पूल ओलांडला की वळिवडे नावाचं छोटं स्टेशन लागतं. दुसऱ्या महायुद्धात पाच हजार पोलिश निर्वासितांनी इथे पाच वर्षं काढली. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. आणि कोपरगावनंतर लागणाऱ्या अहिल्यानगरच्या लष्करी छावणीत १९३९ साली एक विचित्र प्रकार घडला होता. युद्ध पुकारलं जाताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातले जर्मन पुरुष धरून इथे डांबले. त्यांत कट्टर नाझी होते आणि हिटलरच्या धास्तीने देश सोडून आलेले ज्यूही होते. दोघांनाही एकच काटेरी तार. चौकशी समित्या बसून यातल्या बऱ्याच ज्यूंची नंतर सुटका झाली, पण निर्वासिताला आधी संशयित समजायचं ही पद्धत तेव्हापासूनची नाही आणि तेव्हा संपलेलीही नाही.

युद्ध कुठे झालं, किती माणसं मेली, कोण जिंकलं हे इतिहासात येतं. युद्धातून जिवंत सुटलेल्या मुलाचं पुढच्या पन्नास वर्षांत काय होतं, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसं कुणी मोजलंच नव्हतं. वळिवड्याची हकिगत त्यासाठी पाहण्यासारखी आहे, कारण तिथल्या मुलांनी म्हातारपणी भरपूर लिहून ठेवलं.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनी पोलंडवर पश्चिमेकडून चालून गेला आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. पूर्व पोलंड रशियाच्या घशात गेला. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री, कडाक्याच्या थंडीत, घराघरांवर बंदुकीचे दस्ते आदळले. थोडक्या वेळात हाताला लागेल ते गाठोड्यात बांधायचं आणि मालगाडीच्या डब्यात चढायचं. डब्यात एक लोखंडी शेगडी आणि शौचासाठी फळीला पाडलेलं भोक. गाड्या अर्खांगेल्स्क, सैबेरिया, कझाकस्तानकडे गेल्या. एप्रिल आणि जून १९४० मध्ये आणि पुन्हा जून १९४१ मध्ये हाच प्रकार झाला. सोव्हिएत कागदपत्रांत हद्दपार केलेल्यांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास भरतो, पोलिश निर्वासितांच्या हिशेबात त्याहून पुष्कळ जास्त.

पुढे हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा स्टालिनला पोलिश सैनिक हवेसे झाले. ३० जुलै १९४१ च्या करारानंतर कैद्यांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या फौजेमागोमाग उपाशी कुटुंबं दक्षिणेकडे सरकू लागली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक माणसं इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. तिथे त्यांचे केस काढले, उवांनी भरलेले कपडे जाळले. कित्येकांनी अधाशासारखं खाल्लं आणि सुकलेल्या आतड्यांना ते झेपलं नाही. टायफस आणि हगवणीने आणखी काही नेले. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत आजही सुमारे १,९०० पोलिश थडगी आहेत.

वाचलेल्यांपैकी काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी १९४२ मध्ये बालाचडीला अनाथ मुलांसाठी छावणी उभी केली. त्याहून कितीतरी मोठी वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला बसली. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर अज्ञान राजे होते. राज्यकारभार प्रतिनिधींच्या हाती होता. बराकींच्या रांगा, चटयांच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःची चूल. खर्च लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूताच्या पत्नी कीरा बनासिन्स्का रेडक्रॉसतर्फे मदतीची धावपळ करत. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकमंडळी होती, स्काउटची पथकं होती. क्षयाचे रुग्ण पाचगणीच्या हवेत पाठवले जात. भाजी, अंडी, दूध घेऊन येणारे काही कोल्हापूरकर कामापुरती पोलिश बोलायला शिकले होते.

ही झाली आदरातिथ्याची बाजू, आणि ती खरी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहतात, ती उगाच नाही. पण या बाजूवरच थांबलं की मुलं दिसेनाशी होतात.

या मुलांच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते: पाव. इराणमध्ये, बालाचडीत, वळिवड्यात, पुढे न्यूझीलंडला गेलेल्या मुलांतही. पोटभर जेवण मिळायला लागून महिने उलटले तरी ताटातला पाव गुपचूप उशीखाली जायचा. उद्याही जेवण आहे, हे मुलाला सांगून पटत नसे, कारण सांगणारं माणूस खरं बोलतं का, हाच त्याचा प्रश्न होता. धोका दिसला की शरीर पळायला किंवा झुंजायला सज्ज होतं. काळीज धडधडतं, झोप उडते, कान टवकारतात. धोका टळला की ते खाली येतं. पण वाढत्या वयात धोका महिनोन्‌महिने टळलाच नाही, तर ही सज्जताच अंगवळणी पडते. मग दारावर पडलेली साधी थाप, गाडीच्या डब्याचा खडखडाट, बर्फ, कुत्र्याचं भुंकणं, यातलं काहीही त्या रात्रीकडे परत नेतं. काही मुलं मोठी असून अंथरूण ओलं करू लागतात, काही बोलायची थांबतात, काही खेळताना तेच तेच खेळतात: कुणाला तरी पकडणं, कुणाला तरी नेणं.

याला नाव मिळायला फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या सुमारास सैनिकांचा ‘शेल शॉक’ चर्चेत आला, तोही बराचसा भित्रेपणाचा आरोप म्हणूनच. आघातानंतरच्या ताणविकाराला, म्हणजे ‘पीटीएसडी’ला, अमेरिकी मनोविकार संघटनेच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८० मध्ये. वळिवड्याच्या मुलांना तोवर नातवंडं व्हायला लागली होती.

ज्या वर्षी वळिवडे भरत होतं, त्याच १९४३ साली ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांचं बॉम्बहल्ल्यातल्या मुलांवरचं पुस्तक आलं. सिग्मंड फ्रॉइडची ही धाकटी मुलगी लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये युद्धकाळातली पाळणाघरं चालवत होती. तिथे तिला दिसलं ते त्या काळाला धक्का देणारं होतं. बॉम्ब पडताना आई जवळ असली आणि ती स्वतः घाबरीघुबरी झालेली नसली, तर मूल बऱ्यापैकी तगून राहायचं. सुरक्षित खेड्यात पाठवलेलं पण आईपासून तोडलेलं मूल मात्र कोमेजायचं. इंग्रज सरकार मुलांना शहरातून हलवण्यात गुंतलं असताना हे म्हणणं सोपं नव्हतं. वळिवड्यात अनेक मुलांच्या आया सोबत होत्या. तिथलं बालपण सावरलं यात कोल्हापूरच्या उन्हाचा वाटा असेलच, पण ज्यांच्याजवळ आई होती त्यांच्या बाबतीत मोठा वाटा तिचा होता.

आणि बाप? इथे ही हकिगत वेगळ्याच खोलीत उतरते.

१३ एप्रिल १९४० च्या दुसऱ्या हद्दपारीत मुख्यतः अटक झालेल्या पोलिश अधिकाऱ्यांची, पोलिसांची, शिक्षकांची कुटुंबं नेली होती. नेमक्या त्याच आठवड्यांत हे बाप कातिनच्या आणि इतर ठिकाणच्या जंगलांत, तुरुंगांत गोळ्या घालून मारले जात होते; एकूण सुमारे २२,००० जण. बायकामुलांना याचा पत्ता नव्हता. १३ एप्रिल १९४३ रोजी जर्मन रेडिओने कातिनची सामुदायिक थडगी सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे वळिवड्याची वसाहत बसण्याच्या सुमारास जगभरच्या पोलिश कुटुंबांपर्यंत नावांच्या याद्या पोहोचू लागल्या. ज्याचं नाव यादीत नाही तो जिवंत आहे का, की फक्त त्याचं प्रेत ओळखता आलं नाही? मॉस्को म्हणत होतं हे जर्मनांचं काम, आणि दोस्त राष्ट्रांना तेव्हा मॉस्को दुखवायचं नव्हतं. सोव्हिएत सरकारने गुन्हा कबूल केला तो १३ एप्रिल १९९० रोजी. तारीख त्या हद्दपारीचीच, मधे पन्नास वर्षं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून अशा वियोगावर काम केलं. माणूस गेला हे कळलं की रडून, दिवस करून, फोटोला हार घालून दुःख हळूहळू मुरतं. माणूस बेपत्ता असला की यातलं काहीच करता येत नाही. केलं तर त्याला आपणच मारल्यासारखं वाटतं. बेपत्ता मच्छीमारांच्या, पुरात वाहून गेलेल्यांच्या घरांत मराठी वाचकाने हे पाहिलेलं असतं. युद्धाच्या मुलांमध्ये गोळीच्या जखमेपेक्षा ही टांगती वाट जास्त काळ टिकलेली दिसते, असं या आठवणी वाचून म्हणावंसं वाटतं.

ज्यांचे बाप जिवंत होते, ते अँडर्सच्या फौजेत लढत होते. १८ मे १९४४ रोजी पोलिश सैनिकांनी इटलीतलं मोन्ते कासिनो घेतलं. तिथे त्यांचे नऊशेहून जास्त जण पडले. आणि मग १९४५ मध्ये विजय मिळाला तो असा: याल्टाच्या वाटाघाटींत लव्हूव आणि विल्नोकडचा मुलूख रशियाकडेच राहिला आणि ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्याच्या मुलांना शाळेत ज्या देशाचा भूगोल शिकवला जात होता, त्यातलं त्यांचं गाव आता दुसऱ्या देशात होतं. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला. जे पोलंडला परतले त्यांना सैबेरियाबद्दल उघड बोलायची सोय नव्हती, कारण अधिकृत इतिहासात तसं काही घडलंच नव्हतं.

एक सावधगिरी बाळगायला हवी. वळिवड्याच्या आठवणी गोड आहेत: आंबे, पावसाळा, नाटकं, पंचगंगेवरचं पोहणं. पण आठवणी लिहिणारे ते होते ज्यांचं पुढे बरं झालं. जे दारूत गेले, ज्यांचे संसार टिकले नाहीत, ते जुन्या रहिवाशांच्या संमेलनांना आले नाहीत आणि त्यांनी काही लिहिलं नाही.

बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित त्याच जागी आले आणि गावाला गांधीनगर हे नाव पडलं. आज कोल्हापूर-सांगलीकडच्या लग्नाचा बस्ता बांधायला लोक जिथे जातात, ती ही घाऊक कापडपेठ. त्याच सुमारास कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सुमारे लाखभर सिंध्यांचं उल्हासनगर झालं. यांच्या कष्टाचं कौतुक खूप झालं. मुलांच्या मनाचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. भारतीय मनोविकारशास्त्र फाळणीबद्दल कसं गप्प राहिलं, यावर संजीव जैन आणि आलोक सरीन या मनोविकारतज्ज्ञांनी संपादित केलेलं पुस्तक आलं ते २०१८ मध्ये.

आता बंदुकीच्या मागे उभ्या असलेल्या मुलाकडे. अँडर्सच्या फौजेमागे जी पोरं गेली, त्यांतल्या कितीतरी जणांनी वय वाढवून सांगितलं होतं, कारण गणवेश म्हणजे रोजचं जेवण आणि रशियातून सुटका. या पोरांची ‘युनाक’ पथकं पुढे पॅलेस्टाइन आणि इजिप्तमध्ये नेऊन बहुतेकांना आधी शाळेच्या बाकावर बसवलं गेलं. सगळ्या बालसैनिकांचं नशीब असं नसतं.

मोझांबिकमध्ये रेनामो या बंडखोर संघटनेने पळवलेल्या पोरांपैकी ३९ जणांना १९८८ मध्ये मापुतो इथल्या ल्हांगेन केंद्रात आणलं गेलं. वयं सहा ते सोळा. नील बूथबी आणि सहकाऱ्यांनी त्यांचा तब्बल १६ वर्षं माग ठेवला. सुरुवातीचा फरक लख्ख होता. सहा महिन्यांहून कमी काळ टोळीत राहिलेली पोरं स्वतःला पळवून नेलेली मुलं समजत होती; वर्षाहून अधिक काळ राहिलेली स्वतःला सैनिक समजत होती आणि केंद्रातही दांडगाई करत होती. २००४ मध्ये पाहिलं तर बहुतेक जण लग्न करून, शेती-मजुरी करून, पोरांना शाळेत घालून राहत होते. स्वप्नं पडणं मात्र थांबलं नव्हतं. त्यांना परत माणसांत आणलं कशाने? घरच्यांनी दार उघडलं याने, हाताला काम मिळालं याने, आणि गावच्या जाणत्याने केलेल्या शुद्धीच्या विधीने, ज्यात गावाने सगळ्यांसमोर त्याला परत घेतलं. सिएरा लिओनमध्ये थेरेसा बेटनकोर्ट यांनी २००२ पासून चालवलेल्या अभ्यासातही हेच दिसतं. ज्यांच्या हातून हत्या घडली किंवा ज्यांच्यावर बलात्कार झाले, त्यांचं दुखणं सर्वांत चिवट. पण गावाने हिणवलं तर ते वाढतं आणि शाळा, शेजार, घर यांनी सामावलं तर कमी होतं.

उपचारही आहेत. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या मंडळींनी घडवलेल्या एका पद्धतीत जमिनीवर दोरी पसरतात. ती म्हणजे त्या मुलाचं आयुष्य. चांगल्या प्रसंगांसाठी तिच्यावर फुलं ठेवायची, वाईटासाठी दगड. मग एकेक दगड उचलून तो प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्रमाने, सांगायचा. आधी काय, मग काय, आणि तो केव्हा संपला. आघाताच्या आठवणीला काळ-वेळ नसते, ती आत्ता घडल्यासारखी येते. तिला तारखेला बांधणं हे या पद्धतीचं काम. उत्तर युगांडातल्या पूर्वीच्या बालसैनिकांवर ती वापरून पाहिली गेली, तीही थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांकडून, आणि तिचा उपयोग झाल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. उलट, नुकत्याच सुटलेल्या मुलाला सगळं सांगायला भाग पाडू नये, हे २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांपासून पक्कं झालं आहे. माइक पुढे करणाऱ्या पत्रकारांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. संघर्षाच्या प्रदेशात दर पाचांतल्या एकाला काही ना काही मानसिक विकार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसं घरातून उखडलेली होती आणि त्यांत सुमारे ४० टक्के मुलं. इतके मानसोपचारतज्ज्ञ कुठेच नाहीत. शाळेचे शिक्षक, आशा सेविका, गावातलं जाणतं माणूस यांनाच हे काम शिकावं लागणार.

गडचिरोलीत हा प्रश्न घरचा आहे. १९८० पासून या पट्ट्यात नक्षलवादी दलमं शिरली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत माओवाद्यांच्या ‘बाल संघम’चा उल्लेख अनेक वर्षं येत राहिला: निरोप पोहोचवणं, पोलिसांची खबर देणं, आणि पुढे शस्त्र. मूल एकदम दलममध्ये जात नाही. आधी गाणी-नाच, मग तांदूळ पोहोचवणं, मग पहारा. शेजारच्या छत्तीसगडमध्ये सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात सरकारच्या बाजूनेही अल्पवयीन पोरांना विशेष पोलीस अधिकारी नेमल्याच्या तक्रारी झाल्या. आदिवासी तरुणांच्या अशा नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी बंद पाडल्या. माडिया आदिवासी मुलाला दोन्हीकडून बंदूकच हाती मिळणार असेल, तर हेमलकशाची १९७६ पासून चालणारी लोकबिरादरीची शाळा किंवा एखादी सरकारी आश्रमशाळा ही निव्वळ शिक्षणाची सोय राहत नाही.

महाराष्ट्राने २९ ऑगस्ट २००५ रोजी आत्मसमर्पण योजना आणली. रोख रक्कम, घर, प्रशिक्षण, शिवाय दलममध्ये लग्नाआधी ज्यांची नसबंदी केली गेली त्यांच्यासाठी ती उलटवण्याची शस्त्रक्रिया, हे सगळं झालं. पण बरेच जण आपल्या गावी जाऊन राहू शकत नाहीत. तिथे सूड घेणारे आहेत. मोझांबिकच्या गावाने जे सगळ्यांसमोर केलं, ते इथे अवघड आहे.

कायदा तोकडा नाही. मुलांना सशस्त्र संघर्षात ओढू नये, या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २००५ मध्ये मान्यता दिली. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ८३ नुसार मुलाला अतिरेकी गटात भरती करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. गुन्हा घडला तेव्हा आपण अठराच्या आत होतो, हा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही करता येतो. लहानपणी बळी आणि मोठेपणी गुन्हेगार, हा पेच जगाने युगांडाच्या डॉमिनिक ओंगवेनमध्ये पाहिला. शाळेच्या वाटेवरून लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीने पळवलेलं पोर मोठं होऊन त्याच टोळीतला एक सेनापती झालं, आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने प्रौढपणी केलेल्या गुन्ह्यांसाठी त्याला २५ वर्षांची शिक्षा दिली. बालपण लक्षात घेऊन ती कमी केली, पण त्याला सोडलं नाही.

गडचिरोलीतल्या आत्मसमर्पणाच्या बातमीत नाव असतं, दलममधलं पद असतं, गुन्ह्यांची संख्या असते आणि डोक्यावर किती लाखांचं बक्षीस होतं ते असतं. तो किंवा ती दलममध्ये गेली तेव्हा वय काय होतं, हे क्वचित असतं. बातमीदाराने, वकिलाने आणि पुनर्वसनाचा अर्ज भरून घेणाऱ्या कारकुनाने हा एक प्रश्न विचारायला आजपासून सुरुवात करावी. त्याला वेगळा शासननिर्णय लागत नाही.